अकॉर्डियन उघडताना उडी मारतं, मिटताना अडतं: नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचे उपाय

फोंड्याच्या देवस्थानाची वेबसाइट असो, म्हापशातल्या दुकानाची असो की मांद्र्याच्या होमस्टेची, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ हे पान हमखास असतं. प्रश्नावर बोट ठेवलं की उत्तर अलगद उलगडावं, पुन्हा बोट ठेवलं की मिटावं, एवढीच अपेक्षा. अशा उघडमिट होणाऱ्या रचनेला अकॉर्डियन म्हणतात. पण साइट लाइव्ह झाली की थोड्याच दिवसांत फोन येतो. “रे बाबा, ते उत्तर उघडताना उडी मारतं बघ.” नाहीतर, “मिटायला सांगितलं की ते आधी विचार करत बसतं.” नाहीतर सगळ्यात वैतागवाणी तक्रार: “शेवटची ओळ अर्धी कापलेली दिसते, रिफ्रेश केलं की बरोबर होतं.”

तक्रारी वेगवेगळ्या, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. उत्तराची उंची किती, हे आपण ब्राउझरला सांगायला जातो. ती त्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. खाली एकेक लक्षण घेतो. उदाहरणाला एका देवस्थानाचं पान धरू: अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली कशी मिळेल, पालखी कधी निघते, पणजीहून कदंबाची (गोव्याची सरकारी) बस आहे का, जत्रेच्या रात्रीचं नाटक किती वाजता उभं राहतं, असे प्रश्न.

ट्रान्झिशन लिहिलंय, तरी खाडकन उघडतं

ट्रान्झिशन म्हणजे एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत हळूहळू होणारा बदल. त्याला निघायला एक आकडा लागतो आणि पोहोचायला दुसरा. शून्यावरून १८० पिक्सेलवर जायचं असेल तर मधले २०, ४५, ९०, १४० असे टप्पे ब्राउझर काढतो. पोहोचायचं ठिकाण ‘ऑटो’ असेल तर टप्पे कुठून काढणार? ‘ऑटो’ म्हणजे आत जेवढं असेल तेवढं. मांडणी झाल्याशिवाय त्याचा आकडा होत नाही. म्हणून ‘हाइट’ शून्यावरून ‘ऑटो’वर नेली की उत्तर एका फ्रेममध्ये उघडतं. कन्सोलमध्ये एररही येत नाही, त्यामुळे नवीन पोरं तासभर सुटलेला सेमिकोलन शोधत बसतात. सेमिकोलन जागेवरच असतो.

‘डिस्प्ले नन’चंही तसंच. ‘नन’ असताना त्या डिव्हला, म्हणजे पेटीला, पानावर अस्तित्वच नसतं, मग ट्रान्झिशन सुरू कुठून होणार? पॅनेल, म्हणजे उत्तराची पेटी, लपवायला ‘डिस्प्ले नन’ वापरलं असेल तर आधी ते काढा, मग पुढचं वाचा.

उघडतं पटकन, मिटताना मात्र अडून बसतं

हे लक्षण दिसलं की सीएसएसची, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणारी, फाइल न उघडताच सांगता येतं: आत ‘मॅक्स-हाइट’चा जुगाड आहे. बंद असताना ‘मॅक्स-हाइट’ शून्य, उघडं असताना १००० पिक्सेल, वेळ अर्धा सेकंद. दोन्ही बाजूंना आकडे असल्यामुळे ट्रान्झिशन चालतं आणि माणूस खूश होऊन पुढच्या कामाला लागतो.

आता हिशेब करा. सोपं जावं म्हणून वेग एकसारखा, म्हणजे लिनिअर धरू. अग्रशाळेचं उत्तर प्रत्यक्षात १८० पिक्सेल उंच आहे. ब्राउझर मात्र ५०० मिलिसेकंदांत १००० पिक्सेलची वाट चालतोय. त्यातले पहिले १८० पिक्सेल ९० मिलिसेकंदांतच पार होतात, म्हणजे उत्तर जवळजवळ उडीच मारतं. मिटताना उलटं: १००० पासून १८० पर्यंत उतरायला ४१० मिलिसेकंद जातात आणि त्या काळात पडद्यावर काहीही हलत नाही. मग उरलेल्या ९० मिलिसेकंदांत सगळं धाडकन बंद. ग्राहक म्हणतो “विचार करत बसतं” ते हेच ४१० मिलिसेकंद. ‘ईज’ लावलं तर आकडे थोडे बदलतात, दुखणं तेच राहतं.

मग कुणीतरी हुशारी करून १००० चे ३०० करतो. लॅपटॉपवर छान दिसतं. तेच उत्तर ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर ओळी मोडून ४२० पिक्सेलचं होतं आणि खालचा फोन नंबर गायब होतो. जत्रेच्या कार्यक्रमाचं उत्तर तर दर वर्षी लांबत जातं. समितीने एक कीर्तन वाढवलं की तुमचा ३०० चा आकडा खोटा पडला. नव्या कामात हा जुगाड वापरायचं आता काही कारण उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याने केलेली साइट हातात आलीय आणि एचटीएमएलला हात लावायची परवानगी नाही, अशी वेळ येतेच. तेव्हा मिटण्याच्या बाजूला टायमिंग म्हणून क्युबिक-बेझिअरचे (वेगाचा चढउतार ठरवणाऱ्या वक्राचे) ०, १, ०, १ हे चार आकडे द्या. सुरुवातीची रिकामी उतरण त्यात झटकन निघून जाते आणि अडणं बरंचसं झाकलं जातं. गेलं मात्र नाही.

मी वापरतो तो उपाय: ग्रिडची ओळ

ग्रिडमध्ये, म्हणजे सीएसएसच्या ओळी-रकान्यांच्या मांडणीत, ओळीची उंची ‘एफआर’ या एककात देता येते. शून्य एफआर म्हणजे मिटलेली ओळ, एक एफआर म्हणजे आतल्या मजकुराएवढी ओळ. दोन्ही आकडेच, त्यामुळे मधले टप्पे निघतात. ‘ग्रिड-टेम्प्लेट-रोज’चं हे ट्रान्झिशन फायरफॉक्समध्ये २०१९ पासून आहे, क्रोम १०७ आणि सफारी १६ मध्ये ते २०२२ साली आलं. त्याहून जुन्या फोनवर उत्तर नुसतं खाडकन उघडतं, अडत मात्र काही नाही.

रचना तीन पेट्यांची. बाहेरची पेटी ‘डिस्प्ले ग्रिड’, बंद असताना तिची ओळ शून्य एफआर, उघडल्यावर एक एफआर, आणि ट्रान्झिशन याच गुणधर्मावर, २५० ते ३०० मिलिसेकंद. मधल्या पेटीला ‘ओव्हरफ्लो हिडन’ आणि ‘मिन-हाइट’ शून्य. आतल्या पेटीत मजकूर, आणि पॅडिंग फक्त तिला. जावास्क्रिप्टचं काम एवढंच उरतं: बटणावरचं ‘एरिया-एक्स्पांडेड’ (उघडं की बंद हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) उलटं करायचं आणि त्या प्रश्नाच्या डिव्हला एक क्लास लावायचा किंवा काढायचा. मोजमाप शून्य.

तीन पेट्या कशाला, दोनमध्ये भागवू, असं प्रत्येकाला वाटतं, आणि या उपायातल्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

पॅनेल मिटलं तरी प्रश्नाखाली एक पट्टी उरते? पॅडिंग मधल्या पेटीला दिलंय. पेटी कितीही आकसली तरी स्वतःच्या पॅडिंगपेक्षा लहान होत नाही. वर १६, खाली १६ दिलं असेल तर बरोबर ३२ पिक्सेलची पट्टी दिसेल. पॅडिंग आतल्या पेटीला द्या, पट्टी गेली.

पॅनेल अजिबात मिटत नाही? मधल्या पेटीचं ‘ओव्हरफ्लो हिडन’ राहून गेलंय. नुसतं शून्य एफआर म्हटलं तरी ग्रिड आतल्या मजकुराची किमान उंची राखून ठेवतं. ‘ओव्हरफ्लो’ लपवलं की ती किमान उंची शून्य धरली जाते आणि ओळ खरोखर मिटते.

तिसरी अडचण जरा लबाड आहे. तुमच्या मशीनवर सगळं नीट, देवस्थानाच्या साइटवर चढवलं की प्रत्येक मिटलेल्या प्रश्नाखाली पुन्हा मोकळी जागा. पॅडिंग तपासलं, ठीक आहे. अशा वेळी डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत) बाहेरची ग्रिड पेटी उघडून तिच्या आत किती मुलं, म्हणजे थेट आतल्या पेट्या, आहेत ते पाहा. काही सीएमएस (साइटवर मजकूर भरायच्या प्रणाली) मजकुरातली मोकळी ओळ पाहून आपणहून रिकामा परिच्छेद घालतात. शून्य एफआर आपण फक्त पहिल्या ओळीला दिलेलं असतं. दुसरं मूल आलं की त्याच्यासाठी ग्रिड नवी ओळ काढतं आणि तिची उंची ‘ऑटो’ असते. परिच्छेदात अक्षर नसलं तरी त्याचं वरचं आणि खालचं मार्जिन असतं, आणि ग्रिडमध्ये ही मार्जिनं एकमेकांत मिसळत नाहीत. १६ पिक्सेलच्या अक्षराला ब्राउझर नेमानं १६ वर आणि १६ खाली देतो. पुन्हा तीच ३२ ची पट्टी, कारण मात्र निराळं. टेम्प्लेटमध्ये दोन पेट्यांच्या मधली मोकळी ओळ काढून टाका. ते जमत नसेल तर ग्रिडच्या थेट रिकाम्या मुलांना ‘डिस्प्ले नन’ द्या. इथे ते चालतं.

शेवटची ओळ कापलेली, रिफ्रेश केलं की ठीक

हे जावास्क्रिप्टने उंची मोजणाऱ्यांचं दुखणं. क्लिक झालं की ‘स्क्रोलहाइट’, म्हणजे आतल्या मजकुराची पूर्ण उंची, वाचायची, ती पिक्सेलमध्ये ‘हाइट’ला द्यायची, ट्रान्झिशन चालू द्यायचं. विचार वाईट नाही, पण मोजलेला आकडा मोजल्या क्षणापुरताच खरा असतो. काही लायब्रऱ्या तर पान लोड होतानाच सगळी पॅनेलं मोजून ठेवतात.

देवनागरी पानावर हा घोळ जास्त होतो. नोटो सान्स देवनागरीसारखा वेबफॉन्ट लावलेला असतो आणि तो येईपर्यंत ब्राउझर फोनमधल्याच फॉन्टने मजकूर दाखवतो. त्या फॉन्टची अक्षरं अरुंद असतील तर उत्तर सहा ओळींत बसतं. खरा फॉन्ट आला की सात ओळी होतात. पॅनेलची उंची मात्र सहा ओळींवरच ठोकलेली. सातवी ओळ ‘ओव्हरफ्लो हिडन’ने गिळली. दुसऱ्यांदा पान उघडताना फॉन्ट कॅशमध्ये असतो, मोजमाप बरोबर येतं, आणि ग्राहकाला आपण सांगतो की “माझ्याकडे तर दिसतच नाही.” ऑफिसच्या वायफायवर नाहीच दिसणार. दिवाडीच्या फेरीबोटीत उभं राहून, मध्येच रेंज सोडणाऱ्या फोनवर पहिल्यांदा ते पान उघडणाऱ्याला दिसतं.

पडताळायला बोटीत जायची गरज नाही. डेव्हटूल्सच्या नेटवर्क पॅनेलमध्ये कॅश बंद करा, वेग मंद करा, पान उघडा आणि फॉन्ट यायच्या आत प्रश्नावर क्लिक करा. ओळ कापली गेली तर चोर सापडला.

‘डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडी’ची वाट पाहून मग मोजणं, हा उपाय लोक सांगतात. त्याने फॉन्टचा प्रश्न सुटतो. पण त्याच उत्तरात अग्रशाळेचा फोटो असेल, तो लेझी लोड (गरज पडेल तेव्हाच) होत असेल आणि त्याला रुंदी-उंची दिलेली नसेल, तर पुन्हा तेच. फोन आडवा केला, पुन्हा तेच. उत्तराच्या पोटात दुसरं छोटं अकॉर्डियन असेल तर आतलं उघडल्यावर बाहेरच्याची उंची अपुरी पडते, म्हणजे पुन्हा तेच. मोजायचंच असेल तर ट्रान्झिशन संपल्यावर ‘हाइट’ परत ‘ऑटो’ करायला हवी, म्हणजे नंतर काहीही वाढलं तरी पेटी वाढेल.

आणि इथे ‘ट्रान्झिशनएंड’ची गंमत सुरू होते. ‘हाइट’ ‘ऑटो’ करायचं काम या, म्हणजे ट्रान्झिशन संपल्याच्या, इव्हेंटवर टांगलेलं असतं, आणि हा इव्हेंट आतल्या पेटीतून बाहेरच्या पेटीकडे चढत जातो. पॅनेलमधल्या एखाद्या लिंकचा रंग २०० मिलिसेकंदांत बदलला तरी तिचा ‘ट्रान्झिशनएंड’ पॅनेलपर्यंत पोहोचतो, आपलं फंक्शन समजतं की उंचीचं काम झालं, आणि अर्ध्या वाटेवर पॅनेल एकदम पूर्ण उघडतं. तीच ती “मध्येच उडी”. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत इव्हेंटचं टार्गेट हे पॅनेलच आहे ना आणि ‘प्रॉपर्टीनेम’ ‘हाइट’च आहे ना, हे तपासा. दोन्ही तपासा, एकाने भागत नाही.

दुसरी बाजू अशी की इव्हेंट कधीकधी येतच नाही. उत्तर रिकामं असेल आणि उंची शून्यावरून शून्यावरच गेली, तर ट्रान्झिशन झालंच नाही. वापरणाऱ्याने घाईघाईत दोनदा टिचकी मारली तर पहिलं ट्रान्झिशन रद्द होतं. फोनमध्ये ॲनिमेशन बंद ठेवलेलं असेल आणि आपण त्याचा मान राखून वेळ शून्य केला असेल, तरीही येत नाही. मग ‘आता ॲनिमेशन चालू आहे, क्लिक घेऊ नका’ असा झेंडा लावून ठेवलेली लायब्ररी कायमची गप्प बसते. त्या माणसासाठी प्रश्न उघडतच नाही.

ग्रिडच्या उपायात यातलं काहीच नाही. मध्येच परत क्लिक केलं तर सीएसएसचं ट्रान्झिशन जिथे पोहोचलंय तिथूनच उलटं फिरतं, आणि परतीला वेळही त्याच प्रमाणात कमी घेतं. हे सगळं ब्राउझर स्वतः करतो, फुकट.

उघडतं आणि त्याच क्षणी मिटतं

किंवा क्लिक केल्यावर बाण किंचित थरथरतो आणि काहीच होत नाही. इथे ॲनिमेशनचा काही दोष नाही; क्लिकचं फंक्शन दोनदा लागलंय. एकाने उघडलं, दुसऱ्याने मिटवलं. स्क्रिप्ट एकदा थीममध्ये आणि एकदा पानाच्या तळाशी, असं दोन ठिकाणी जोडलेली असते, नाहीतर पान न बदलता मजकूर बदलणाऱ्या साइटवर प्रत्येक फेरीत फंक्शन नव्याने लावलं जातं. बटण निवडून डेव्हटूल्समधल्या ‘इव्हेंट लिसनर्स’ टॅबमध्ये क्लिकखाली किती नोंदी आहेत ते पाहा. एकापेक्षा जास्त दिसल्या तर प्रत्येक बटणावर वेगळं फंक्शन लावणं सोडा आणि सगळ्या अकॉर्डियनच्या बाहेरच्या डिव्हवर एकच लावा.

‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ हे एचटीएमएलचे तयार उघडमिट टॅग वापरत असाल तर याच लक्षणाचं आणखी एक कारण असतं. समरीवर क्लिक झालं की ‘ओपन’ उलटं करण्याचं काम ब्राउझर आपणहून करतो. त्याच क्लिकवर तुम्हीही ते उलटं केलंत तर दोन उलट्यांचं सुलटं झालं. ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ने ब्राउझरचं काम थांबवून सगळं हातात घ्या, नाहीतर ब्राउझरवर सोडून द्या.

क्लिक केल्यावर पूर्ण पानच नव्याने लोड होत असेल तर अकॉर्डियन एखाद्या फॉर्मच्या आत आहे. खोलीच्या बुकिंगच्या फॉर्ममध्ये अटी दाखवायला ते वापरतात, तिथे हटकून होतं. फॉर्ममधल्या बटणाचा प्रकार दिला नाही तर ते सबमिटचं बटण धरलं जातं. टाइप ‘बटन’ लिहा, झालं.

रफार आणि उकार कापले जातात

इंग्रजी डेमोतून उचललेल्या सीएसएसमध्ये ‘लाइन-हाइट’ १.२ असते. रोमन अक्षरांना ती पुरते. देवनागरीत ‘मूर्तींच्या’ हा शब्द घ्या: वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक, खाली दीर्घ उकार. १.२ मध्ये पहिल्या ओळीचा वरचा भाग ओळीच्या पेटीबाहेर जातो. एरवी ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बाहेर गेलेली शाई दिसतच असते. अकॉर्डियनमध्ये मात्र ‘ओव्हरफ्लो हिडन’ बसलेलं असतं; ते बाहेरचं सगळं छाटतं. मग पहिल्या ओळीचे अनुस्वार जातात आणि शेवटच्या ओळीचे उकार. समितीतल्या निवृत्त मास्तरांनी हे पाहिलं की शुद्धलेखनाच्या चुका म्हणून लाल शाईची यादी येते.

लाइन-हाइट १.६ किंवा १.७ करा आणि आतल्या पेटीला वर-खाली थोडं तरी पॅडिंग राहू द्या. प्रश्नाच्या बटणाला ठरावीक उंची देऊ नका. ‘अग्रशाळेतील खोल्यांची नोंदणी कशी करावी?’ हा प्रश्न छोट्या फोनवर दोन ओळींत जातो आणि ४८ पिक्सेलच्या बटणातून दुसरी ओळ बाहेर लोंबते. ‘हाइट’च्या जागी ‘मिन-हाइट’ लिहा.

नुसत्या ‘डिटेल्स’ने नाही का भागणार?

भागतं, आणि बऱ्याच ठिकाणी तेच बरं. जावास्क्रिप्ट लोड झाली नाही तरी ते उघडतं, कीबोर्डवर चालतं, आणि क्रोममध्ये पानावर शब्द शोधला तर तो शब्द असलेलं बंद उत्तर आपोआप उघडतं. अडचण फक्त ॲनिमेशनची होती: ‘ओपन’ निघालं की मजकूर तत्क्षणी लपतो, मिटण्याला वेळच मिळत नाही.

त्यावर आता सरळ रस्ता निघालाय. क्रोम १२९ मध्ये, सप्टेंबर २०२४ ला, ‘इंटरपोलेट-साइज’ हा गुणधर्म आला. पानाच्या मुळाशी त्याला ‘अलाउ-कीवर्ड्स’ दिलं की शून्यावरून ‘ऑटो’पर्यंतचं ट्रान्झिशन ब्राउझर स्वतः करतो, ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तेच. पाठोपाठ क्रोम १३१ मध्ये ‘डिटेल्स-कंटेंट’ हा सूडो-एलिमेंट आला. उघडणारा भाग त्यातून पकडता येतो. बंद असताना त्याची हाइट शून्य आणि ओव्हरफ्लो ‘क्लिप’, उघडल्यावर हाइट ‘ऑटो’. ट्रान्झिशनमध्ये हाइटच्या जोडीला ‘कंटेंट-व्हिजिबिलिटी’ही घ्या आणि तिला ‘अलाउ-डिस्क्रीट’ लावा. हे दुसरं विसरलं तर उघडताना सुंदर आणि मिटताना खाडकन, असं होतं. अर्धवट चालणाऱ्या ‘डिटेल्स’मध्ये बहुतेक वेळा हेच राहून गेलेलं असतं.

ज्या ब्राउझरला हे कळत नाही तिथे उत्तर ॲनिमेशनशिवाय उघडतं. मला स्वतःला ते चालतं. ग्राहकाला आयफोनवरही तसंच अलगद हवं असेल तर ग्रिड वापरा आणि वाद घालू नका.

मिटलेल्या उत्तरात टॅब हरवतो

ग्रिडने उंची शून्य केली तरी आतला मजकूर पानावर असतोच. टॅब दाबत जाणारा माणूस मिटलेल्या उत्तरातल्या फोन नंबरच्या लिंकवर पोहोचतो, पण त्याला काही दिसत नाही. फोकस गायब झाल्यासारखा वाटतो. स्क्रीन रीडरही मिटलेली उत्तरं वाचत सुटतो. मधल्या पेटीला बंद असताना ‘व्हिजिबिलिटी हिडन’ द्या आणि ट्रान्झिशनमध्ये व्हिजिबिलिटीही घ्या, तेवढ्याच वेळाची. ट्रान्झिशन चालू असेपर्यंत मजकूर दिसत राहतो, शेवटच्या क्षणी लपतो. ॲनिमेशनला धक्का लागत नाही.

“माझ्या फोनवर ॲनिमेशन होतच नाही,” अशी तक्रार एखाद्याच माणसाकडून आली तर आधी त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन काढून टाकलंय का ते विचारा. ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ पाळलं असेल तर तुमचं पान बरोबरच वागतंय. पाळलं नसेल तर पाळा. हलत्या पडद्याने काहींना खरोखर गरगरतं.

खालचा प्रश्न उघडला आणि तोच वर निघून गेला

‘एका वेळी एकच उघडं’ असा हट्ट असला की हे होतं. वरचं लांबलचक उत्तर मिटतं, खालचा मजकूर वर सरकतो, आणि ज्या प्रश्नावर बोट ठेवलं तोच पडद्याबाहेर जातो. फोनवर तर हमखास. ‘डिटेल्स’ना एकच ‘नेम’ दिलं की एकच उघडं ठेवण्याची सोय ब्राउझर देतो. क्रोम आणि सफारीत ती २०२३ च्या डिसेंबरपासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ च्या सप्टेंबरपासून. सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. प्रश्नोत्तरांच्या पानावर मी ती लावत नाही. पालखीची वेळ आणि बसची वेळ दोन्ही शेजारी उघडी ठेवून पाहायची असतात, मग आपण एक मिटवणारे कोण? ग्राहक ऐकतच नसेल तर ट्रान्झिशन संपल्यावर त्या प्रश्नाला ‘स्क्रोल-इंटू-व्ह्यू’ करा, ब्लॉक ‘निअरेस्ट’ ठेवून, आणि वर चिकटलेला हेडर असेल तर त्याच्या उंचीएवढं ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ द्या.

विंडोज लॅपटॉपवर पहिलं उत्तर उघडताच पूर्ण पान किंचित डावीकडे सरकत असेल तर तो स्क्रोलबार आहे. पान पडद्याहून उंच झालं, स्क्रोलबार आला, रुंदी कमी झाली. मुळाशी ‘स्क्रोलबार-गटर स्टेबल’ लिहा, त्याची जागा आधीच राखली जाते.

छापलं तर फक्त प्रश्नच

हे कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये नसतं, पण गावातल्या साइटवर होतंच. जत्रा जवळ आली की देवस्थानाच्या कचेरीतून कुणीतरी हे पान छापून अग्रशाळेच्या फलकावर लावतो, आणि फलकावर नुसते प्रश्न झळकतात. छपाईच्या मीडिया क्वेरीत बाहेरच्या पेटीची ओळ एक एफआर करा, मधल्या पेटीची व्हिजिबिलिटी ‘व्हिजिबल’ करा आणि दोन्हीकडे ‘ट्रान्झिशन नन’ लिहा. हे शेवटचं राहिलं तर छपाई मध्येच कुठल्यातरी फ्रेमवर अडकू शकते. ‘डिटेल्स’ असतील तर ‘बिफोरप्रिंट’ इव्हेंटवर सगळ्यांना ‘ओपन’ लावा, कुठली आधीपासून उघडी होती ते लक्षात ठेवा, आणि ‘आफ्टरप्रिंट’वर बाकीची मिटवा. एकाच ‘नेम’चे ‘डिटेल्स’ असतील तर उघडण्याआधी ‘नेम’ काढायला विसरू नका, नाहीतर कागदावर फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येईल.